‘ही मी नाही’ : एका बायोडाटा फोटोचं प्रकरण

मुलगी २६ वर्षांची. औषधनिर्माणशास्त्राची पदवी, नोकरी पुण्यात, घर सांगली जिल्ह्यात. स्थळं बघायला सुरुवात झाली होती आणि बायोडाटावर लावायचा फोटो काही केल्या ठरत नव्हता. माझ्याकडे येण्याआधी दोन स्टुडिओंत फोटो काढून झाले होते, मोबाइलमध्ये तर ढिगाने होते. घरच्यांच्या मते त्यातले बरेचसे छान होते. तिच्या मते एकही फोटो तिचा नव्हता. तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील वगळून हे प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे, कारण अशी तक्रार घेऊन येणारी माणसं स्टुडिओत सतत भेटतात आणि बहुतेकांची बोळवण “तुम्ही फोटोजेनिक नाही” एवढ्यावर होते.

ती आई आणि मावशीबरोबर आली. बोलायला आईनेच सुरुवात केली. “भाऊ, ही प्रत्येक फोटोला नाक मुरडते. आरशासमोर असते तोवर बरी असते, फोटो हातात आला की तोंड पाडून बसते.” मावशीने पुस्ती जोडली, “हुबेहूब हीच असते हो फोटोत. आता आणखी कशी दिसायला हवी?”

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “काका, आरशात मी ठीक दिसते. फोटोत नाक एका बाजूला गेलेलं दिसतं, जबडाही सरकल्यासारखा वाटतो. मग यातली खरी कुठली?”

या प्रश्नामागे एक प्रसंग होता, तो थोड्या वेळाने कळला. आधीच्या एका स्थळाला तिने स्वतःच निवडलेला सेल्फी पाठवला होता. त्यावर फिल्टर होता. त्वचा गुळगुळीत, नाक किंचित बारीक, डोळे जरा मोठे. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलाकडच्या एका बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “फोटोत वेगळीच दिसत होतीस गं.” पोहे देऊन ती आत गेली ती पुन्हा बाहेर आलीच नाही. तेव्हापासून फिल्टरचा फोटो पाठवायला तिचं मन घेत नव्हतं आणि बिनफिल्टरचा तिला बघवत नव्हता.

अशा वेळी आमच्या धंद्यात दोन उत्तरं तयार असतात. एक, “असं काही नाही, छान आलाय फोटो.” दुसरं, “थांबा, नाक सरळ करून देतो.” दोन्हींवर माझा विश्वास नाही. पहिल्यात समोरच्या माणसाचं म्हणणं ऐकूनच घेतलेलं नसतं. दुसऱ्यात त्याचं म्हणणं मान्य करून त्याच्या चेहऱ्यात खोट आहे असा शिक्काच मारलेला असतो. तिला फरक दिसत होता, म्हणजे फरक कुठेतरी असणार. तो कशामुळे पडतो हे शोधणं माझं काम होतं.

त्याआधी एक गोष्ट बघून घेणं गरजेचं होतं. स्वतःच्या चेहऱ्यातल्या, इतरांच्या लक्षातही न येणाऱ्या एखाद्या दोषाने माणूस पुरता ग्रासला जातो असा एक मानसिक आजार आहे, बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर. त्यात तासन् तास आरशासमोर जातात, किंवा आरसा पूर्णपणे टाळला जातो, बाहेर पडणं बंद होतं, कामावर परिणाम होतो, कितीही जणांनी सांगितलं तरी पटत नाही. तिथे फोटोग्राफरने हात घालू नये. मी डॉक्टर नाही, पण विचारायला काही हरकत नव्हती. ती रोज कामावर जात होती, मैत्रिणींत मिसळत होती, आरशासमोर वेणीफणीपुरतीच उभी राहत होती. त्रास फक्त फोटोचा होता आणि तोही अलीकडे वाढलेला. तसं नसतं तर मी कॅमेरा खाली ठेवून आईला बाजूला घेतलं असतं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगितलं असतं. केंद्र सरकारची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत हेल्पलाइन २०२२पासून सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक मी स्टुडिओत लावून ठेवला आहे.

मग तिचे जुने फोटो बघायला घेतले. नावडत्या फोटोंमध्ये सर्वांत मोठा गठ्ठा सेल्फींचा होता, आणि सेल्फीचा पहिला गुन्हेगार म्हणजे अंतर. लोक लेन्सला दोष देतात, पण चेहऱ्याचं प्रमाण ठरतं ते कॅमेरा किती लांब आहे त्यावर. हिशोब सोपा आहे. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतची खोली साधारण १२ सेंटीमीटर धरा. मोबाइल नाकापासून ३० सेंटीमीटरवर धरला तर कान पडतात ४२ सेंटीमीटरवर, म्हणजे नाकापेक्षा ४० टक्के जास्त लांब. जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसतं, त्यामुळे नाक फुगतं, कान मागे पळतात, चेहरा अरुंद होतो. तोच कॅमेरा दीड मीटरवर नेला की नाक १५० आणि कान १६२ सेंटीमीटरवर. फरक उरतो ८ टक्के. अमेरिकेतल्या एका प्लास्टिक सर्जनने २०१८मध्ये सहकाऱ्यांबरोबर हाच हिशोब सरासरी मापांच्या चेहऱ्यावर मांडून प्रसिद्ध केला. सुमारे ३० सेंटीमीटरवरून काढलेल्या फोटोत नाकाचा तळ दीड मीटरच्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतो असं त्यात निघालं. सेल्फी दाखवून नाकाची शस्त्रक्रिया मागणारे लोक दवाखान्यात येऊ लागले होते, म्हणून त्यांनी हा विषय हाती घेतला होता.

आता आरशाचं बघा. आपण आरशापासून ६० सेंटीमीटरवर उभे राहिलो तर आपली प्रतिमा आरशाच्या मागे तेवढ्याच अंतरावर पडते. म्हणजे आपण स्वतःला १२० सेंटीमीटरवरून पाहतो. वरच्याच हिशोबाने नाक-कानातला फरक १० टक्के. कपाटाच्या आरशासमोर आपण नकळत स्वतःला त्या अंतरावरून पाहतो जिथून एखादा जाणता फोटोग्राफर फोटो काढेल. आरसा खुशामत करतो असं लोक म्हणतात. निदान अंतराच्या बाबतीत तरी आरसा मोबाइलपेक्षा प्रामाणिक आहे.

हे मी तिला तोंडी सांगितलं नाही, करून दाखवलं. एकाच खुर्चीवर, एकाच प्रकाशात, आधी मोबाइल तिच्या हाताच्या अंतरावर धरून, मग कॅमेरा ट्रायपॉडवर दोन मीटर मागे नेऊन फोटो काढले. चेहरा दोन्हींत सारखाच मोठा दिसेल असे कापले आणि शेजारीशेजारी लावले. पहिल्यातलं नाक बघून तिने चेहरा फिरवला. दुसऱ्याकडे ती जरा वेळ बघत राहिली. “हे बरंय,” ती म्हणाली, “पण वाकडं आहेच.”

म्हणजे रुंदीची तक्रार अंतराने सुटली होती, वाकडेपणाची तशीच होती.

आधीच्या एका स्टुडिओतले फोटोही तिने आणले होते. दोन्ही बाजूंनी सारखा, सपाट प्रकाश, जसा पासपोर्टच्या फोटोला लावतात. घरी तिचा आरसा कुठे आहे ते विचारलं. लोखंडी कपाटाच्या दारावर, डाव्या हाताला खिडकी. म्हणजे रोज सकाळी ती स्वतःला पाहते तेव्हा उजेड एका बाजूने येतो आणि दुसरी बाजू हलक्या सावलीत राहते. तिच्या जबड्याची उजवी बाजू थोडी भरलेली आहे. खिडकीच्या उजेडात ती सावलीत मिसळून जाते, सपाट फ्लॅशमध्ये उठून दिसते. पासपोर्टला असा प्रकाश लागतोच, तिथे नियमच तसे आहेत. बायोडाटाला तशी सक्ती नाही. सॉफ्टबॉक्स, म्हणजे मऊ उजेड देणारा दिवा, तिच्या डाव्या बाजूला घेतला, उजवीकडे थोडा उजेड परतवायला पांढरा थर्माकोल जरा लांब ठेवला. जबड्याबद्दलचं बोलणं तिथे बंद झालं.

उरलं नाक.

दोन मीटरवरून काढलेला एक फोटो निवडला, फक्त चेहरा आणि मान ठेवली, आणि त्याच्या दोन प्रती स्क्रीनवर लावल्या. एक जशीच्या तशी, दुसरी आडवी फ्लिप केलेली, म्हणजे आरशातल्यासारखी डावं-उजवं उलटवलेली. काय केलंय ते सांगितलं नाही, एवढंच विचारलं की यातला कुठला बरा. तिने लगेच फ्लिप केलेल्यावर बोट ठेवलं. “हा. हा मी आहे असं वाटतं.” मग तिला बाहेर बसवून आईला आत बोलावलं, त्यानंतर मावशीला. दोघींनीही जसाच्या तसा असलेला निवडला. फ्लिप केलेल्याकडे बघून आई म्हणाली, “यात काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय. भांग दुसरीकडे आहे का?”

तिघींना एकत्र बसवून फोटोंमधला फरक सांगितला तेव्हा मुलगी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलायला लागली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं आणि आईचंही नव्हतं. दोघी वेगवेगळा चेहरा ओळखत होत्या. आईने २६ वर्षं तिला समोरून पाहिलं आहे. तिने स्वतःला तेवढीच वर्षं आरशात पाहिलं आहे, आणि आरशात तिची डावी बाजू डावीकडेच राहते. समोरच्या माणसाला, आणि कॅमेऱ्याला, ती उजवीकडे दिसते.

एका कुटुंबावरून सिद्धांत मांडता येत नाही. पण हाच प्रयोग १९७७मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी केंद्रात नीट मांडून केला गेला होता. थिओडोर मीटा, मार्शल डर्मर आणि जेफ्री नाइट या तिघांनी विद्यार्थिनींचे फोटो काढून त्यांच्या सरळ आणि उलट्या प्रती केल्या आणि त्या विद्यार्थिनींना व त्यांच्या जवळच्या मैत्रिणींना दाखवल्या. स्वतः मुलींचा कल आरशासारख्या प्रतीकडे झुकला, मैत्रिणींचा सरळ प्रतीकडे. दुसऱ्या फेरीत मैत्रिणींऐवजी प्रियकर घेतले, तरी कल तोच. त्यामागचा विचार रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८मध्ये मांडला होता. जी गोष्ट वारंवार नजरेखाली येते ती, दुसरं काहीच कारण नसताना, आवडायला लागते. कल होता, सगळ्यांनी एकमुखाने निवडलं असं नाही, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. ज्यांच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजू बऱ्यापैकी सारख्या आहेत त्यांना दोन प्रतींत फारसा फरक जाणवतच नाही.

तिला तो इतका का जाणवला? तिचं नाक खरोखरच थोडं एका बाजूला कललेलं आहे, आणि माझ्यासमोर बसलेल्या माणसांपैकी बहुतेकांचं असतं. आरशात ते रोज एकाच बाजूला कललेलं पाहून तिच्या नजरेने तीच जागा ‘मध्य’ म्हणून धरली आहे. फोटोत तोच कल विरुद्ध बाजूला जातो. मग तिची नजर तो खऱ्या मध्यापासून मोजत नाही, आपल्या सवयीच्या मध्यापासून मोजते. कल दोन मिलिमीटरचा असेल तर तिला चारचा वाटतो. आईच्या नजरेने फोटोतली बाजूच मध्य धरलेली असल्यामुळे आईला काहीच वाटत नाही. “आई म्हणते काही नाही, म्हणून मला वाटायचं ती माझं मन राखायला बोलते,” मुलगी म्हणाली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच होतं. आई खरं बोलत होती यावर तिचा विश्वास बसायला दोन फोटो शेजारी लावावे लागले.

तरी तिच्या मनात एक शंका होती. कॅमेऱ्यानेच काही केलं नसेल कशावरून? म्हणून कॅमेरा बाजूला ठेवला. काचवाल्याकडून कापून आणलेले, बिनचौकटीचे दोन आरसे माझ्याकडे आहेत. ते एकमेकांना काटकोनात, सांध्यावर जराही फट न ठेवता उभे केले आणि तिला सांध्यासमोर बसवलं. प्रतिमा एका आरशातून दुसऱ्यात जाऊन परत येते, दोनदा उलटते आणि म्हणून सरळ होते. जग तिला जसं पाहतं तसं ती त्यात स्वतःला पाहू शकते. ती भांगाला हात लावायला गेली तर हात भलत्याच बाजूला गेला. मान डावीकडे केली तर समोरची मुलगी उजवीकडे सरकली. आणि नाक फोटोतल्यासारखंच कललेलं होतं. “म्हणजे फोटोत जे येतं तेच आहे,” ती म्हणाली. तिथे फोटोवरचा आरोप गळून पडला. हा प्रयोग कुणालाही घरी करता येतो. फक्त कोन बरोबर ९० अंशांचा हवा, नाहीतर चेहरा सांध्यावर दुभंगतो.

एवढं झाल्यावर तिने साहजिक प्रश्न विचारला. “मग फ्लिप केलेलाच द्या ना बायोडाटावर. मला तोच आवडतो.”

मी नाही म्हटलं आणि त्याची कारणं पूर्णपणे आपल्याकडची आहेत. बायोडाटाला साडीतला फोटो हवा होता. आपल्याकडे साडीचा पदर डाव्या खांद्यावर असतो, नथ डाव्या नाकपुडीत असते. फोटो उलटा केला की पदर उजव्या खांद्यावर जातो, नथ उजवीकडे. घरातल्या मोठ्या बायकांच्या नजरेतून हे सुटत नाही. पुरुषांच्या शर्टाची बटणपट्टीही अशीच उलटी होते. छायाचित्रणाच्या इतिहासातही या उलटेपणाने घोळ घातले आहेत. १८३९मध्ये जाहीर झालेल्या, फ्रान्सच्या दागेरच्या तंत्रात चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणारं चित्र आरशासारखं उलटंच असे, आणि पुढे लोखंडी पत्र्यावरच्या टिनटाइपमध्येही तसंच. अमेरिकेतल्या बिली द किड या बंदूकबाजाचा टिनटाइप लोकांनी सरळ समजून पाहिला, म्हणून तो डावखुरा होता ही समजूत कित्येक दशकं टिकली. त्या चित्रातल्या रायफलीची गोळ्या भरायची खिडकी चुकीच्या बाजूला दिसते, त्यावरून उलगडा झाला. तेव्हाच्या सर्वसामान्य गिऱ्हाइकांना मात्र आपलं आरशातलंच रूप पत्र्यावर मिळत होतं. या मुलीची तक्रार त्यांना नसावी असं मला वाटतं.

पदर-नथीपेक्षाही मोठं कारण दुसरं आहे. बायोडाटावरचा फोटो तिला रोज बघायचा नसतो. तो समोरच्यांनी बघायचा आणि मग तिला भेटल्यावर ओळखायचा असतो. एकदा “वेगळीच दिसत होतीस” हे ऐकून झालेल्या मुलीला पुन्हा त्या जागी उभं करायचं नव्हतं.

मोबाइलचाही या गोंधळात हात आहे, तो तिला समजावून दिला. पुढचा कॅमेरा चालू केला की पडद्यावर आरशासारखी प्रतिमा दिसते. फोटो काढल्यावर काही फोन तो सरळ करून साठवतात, काही तसाच ठेवतात, सेटिंगवर अवलंबून असतं. म्हणून बटण दाबेपर्यंत आवडलेला चेहरा गॅलरीत गेल्यावर परका वाटतो. व्हिडिओ कॉलमध्येही बहुतेक ठिकाणी आपल्याला आपली उलटी बाजू दिसते, समोरच्याला सरळ. तिने तिथल्या तिथे आपल्या फोनचं सेटिंग तपासलं. पुण्यात काढलेले आणि आवडलेले बहुतेक सेल्फी उलटे साठवलेले निघाले.

साडीतल्या फोटोंसाठी त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. या वेळी मी स्थिर फोटो घेण्याआधी व्हिडिओ घेतला. कारण आरसा आणि फोटोतला आणखी एक फरक अजून शिल्लक होता, आणि फोटोग्राफर म्हणून मला तो सगळ्यांत जास्त सतावतो. आरशात चेहरा हलता असतो. आपण त्याला वळवतो, हनुवटी खाली घेतो, ओठ सैल करतो, आणि हे सगळं इतक्या झटपट की कळतही नाही. आवडलं नाही तर पुढच्या क्षणी बदलतो. कॅमेरा एका सेकंदाचा सव्वाशेवा भाग पकडतो. त्यात पापणी अर्धी मिटलेली असते, ओठ ‘प’ म्हणायला मिटत असतात. असा चेहरा प्रत्यक्षात कुणी कधी पाहिलेलाच नसतो, कारण पाहायला वेळच मिळत नाही. २०१२मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी माणसांचे छोटे व्हिडिओ आणि त्याच व्हिडिओंतून काढलेल्या स्थिर चौकटी लोकांकडून तपासून घेतल्या. हलता चेहरा स्थिर चौकटींपेक्षा बरा ठरला. याला त्यांनी गोठलेल्या चेहऱ्याचा परिणाम म्हटलं.

आईला कॅमेऱ्याच्या शेजारी बसवलं आणि लेकीला तिच्या हॉस्टेलच्या मेसबद्दल सांगायला लावलं. दोघी वांग्याच्या भाजीवरून भांडायला लागल्या, मी फोटो काढत राहिलो. लेन्सकडे टक लावून बसल्यावर चेहऱ्यावर जो पहारा बसतो तो या वेळी नव्हता. नंतर व्हिडिओ बघताना तिने नाकाचा उल्लेखच केला नाही. तो व्हिडिओ सरळच होता, फ्लिप केलेला नव्हता, हे मी तिला नंतर सांगितलं.

निवड कोणी करायची यावर मात्र वाद झाला. तिचं म्हणणं, फोटो माझा, मीच निवडणार. हे योग्यच आहे असं कुणालाही वाटेल. मला तसं वाटत नाही. स्वतःच्या मनातला आपला चेहरा खऱ्यापेक्षा जरा उजवा असतो. निकोलस एप्ली आणि एरिन व्हिटचर्च यांनी २००८मध्ये लोकांचे फोटो संगणकावर थोडे देखणे आणि थोडे कुरूप करून त्यांच्यापुढे ठेवले, तेव्हा आपला म्हणून त्यांनी देखणा केलेलाच चेहरा जास्त वेळा उचलला. मित्राच्या चेहऱ्याबाबतही तसंच झालं, परक्याच्या बाबतीत नाही. मग आपण आपले फोटो चाळताना त्या मनातल्या चेहऱ्याशी जुळणारा शोधत बसतो. ऑस्ट्रेलियात डेव्हिड व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये विद्यार्थ्यांना प्रोफाइलसाठी स्वतःचे फोटो निवडायला लावले आणि तेच फोटो अनोळखी लोकांकडूनही निवडून घेतले. मग तिसऱ्याच लोकांना विचारलं की या फोटोवरून माणसाबद्दल काय मत बनतं. अनोळखी लोकांनी निवडलेल्या फोटोंनी जास्त चांगलं मत तयार केलं. स्वतःच्या बाबतीत आपल्याला पारख नसते असं नाही, पण आपण जे पारखतो ते बघणाऱ्याच्या कामाचं नसतं.

शेवटी तोडगा असा काढला. सगळे फोटो आधी तिने बघायचे आणि जे अजिबात चालणार नाहीत ते काढून टाकायचे. उरलेल्यांतून आई, मावशी आणि तिची हॉस्टेलमधली एक मैत्रीण यांनी एकमेकींशी न बोलता प्रत्येकी तीन निवडायचे. मैत्रिणीला फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले, पण डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे दाबून खराब होणार नाहीत. तिघींच्या याद्यांमध्ये एक फोटो समान निघाला. मान किंचित वळलेली, ओठ जरासे उघडे, नुकतं हसून झालेलं. नाकाचा कल त्यात दिसतोच.

मुलीने तो फोटो काढून टाकलेल्यांत टाकता टाकता ठेवला होता. तिला तो फारसा आवडला नव्हता. “ठीक आहे,” एवढंच म्हणाली. माझ्या मते ते पुरेसं होतं. मी नाकाला किंवा जबड्याला हात लावला नाही. कपाळावरची एक पुटकुळी तेवढी काढली, ती दोन दिवसांत जाणारच होती. बायोडाटाच्या फोटोला माझा नियम हाच आहे. जे भेटीच्या दिवशी चेहऱ्यावर असणार ते फोटोत राहणार. लग्न जमवताना मुलीचं नाक सरळ करून देणारा फोटोग्राफर तिला मदत करत नाही. पुढच्या बैठकीत तिच्याच चेहऱ्याविरुद्ध तो पुरावा तयार करून ठेवतो.

बायोडाटावर दुसरा, उभा पूर्ण फोटोही लावायला सांगितला. एकाच माणसाचे वेगवेगळे फोटो अनोळखी नजरेला वेगवेगळी माणसं वाटू शकतात. २०११मधल्या एका ब्रिटिश प्रयोगात दोन डच नामवंत स्त्रियांचे मिळून ४० फोटो दिले आणि माणसागणिक वेगळे गठ्ठे करायला सांगितलं. त्यांना न ओळखणाऱ्यांनी दोनाऐवजी सरासरी सात-आठ गठ्ठे केले. ओळखणाऱ्यांना ते सहज जमलं. स्थळाकडची मंडळी अनोळखी असतात. त्यांना एका फोटोवरून चेहरा कळत नाही, दोन-तीन वेगळ्या कोनांतून थोडाफार कळतो.

काही महिन्यांनी मावशीचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला तेव्हा पुढचं कळलं. त्या फोटोवर दोन स्थळं आली, कार्यक्रम झाले. एक जमलं नाही, कारण मुलगा परदेशी जाणार होता आणि हिला नोकरी सोडायची नव्हती. दुसऱ्याची बोलणी चालू होती. फोटोवरून कुणी काही बोललं नाही. मुलीने मोबाइलचा फिल्टर काढून टाकला आहे, पण डीपीला अजून उलटा साठवलेला सेल्फीच ठेवला आहे, कुर्त्यातला, पदर नसलेला. त्यावर मावशीची तक्रार होती की त्यात भांग चुकीच्या बाजूला दिसतो. मी म्हटलं, “ताई, तो तिचा आहे, राहू दे.” मग त्यांनी कामाचं विचारलं. त्यांच्या यजमानांच्या साठीसाठी फोटो काढायचा होता आणि ते स्टुडिओत यायला तयार नव्हते, फोटोत आपण चांगले येत नाही म्हणून. मी त्यांना आधी घरातला आरसा कुठे आहे आणि उजेड कोणत्या बाजूने येतो ते विचारलं.